टेसा नक्की कुणाची?

ड्वाइट कोवाल्स्की आपलं करविवरण दरवर्षी स्वतःच भरायचा. टोलेडोतल्या स्वयंपाकघरात बसून, थंड पिझ्झा चघळत आणि सरकारच्या नावाने खडे फोडत. यंदा मात्र ऑनलाइन पाठवलेलं विवरण तासाभरात परत आलं. करसवलतीसाठी 'माझ्यावर अवलंबून' या रकान्यात त्याने कॉलेजात शिकणाऱ्या लेकीचं, टेसाचं नाव घातलं होतं. ही मुलगी कुणीतरी आधीच आपल्या नावावर दाखवली आहे, असं सरकारचं म्हणणं होतं.

ड्वाइटचं टाळकंच सरकलं. हे काम एकाच बाईचं असणार. घटस्फोट घेऊन क्लीव्हलंडला गेलेल्या डोरीनला त्याने फोन लावला.

"कुत्रा नेलास, मी गप्प बसलो. आता पोरगीही पळवतेस?"

"मी अजून कागदांना हात लावलेला नाही! तुझ्या आईला विचार. उन्हाळाभर टेसा तिच्याकडेच होती ना?"

त्याने आईला विचारलं. पोटच्या पोराने चोर ठरवलं म्हणून ती रडली, आणि रविवारच्या जेवणातले पिएरोगी, म्हणजे सारण भरलेल्या उकडलेल्या पोलिश करंज्या, तिने तडकाफडकी रद्द केले. शेवटी त्याने टेसाला फोनवर गाठलं.

"तुला कुणी आपल्या नावावर दाखवलंय, माहितेय?"

"हो. मीच."

"काय?"

"शिष्यवृत्तीतून खोली-जेवणाचा खर्च भागतो ना, त्यावर कर लागतो. म्हणून माझं विवरण फोनवरूनच भरून टाकलं. 'तुम्ही कुणावर अवलंबून ठरता का?' असं विचारलं होतं. मी म्हटलं, नाही. माझं मीच भागवते."

"शिष्यवृत्ती 'माझं मीच भागवते' यात धरत नाहीत, बाई! गाडीचा विमा कोण भरतं? फोनचं बिल? त्या दातांच्या तारा तुझ्या पगारातून आल्या?"



"डॅड, मला वाटलं, तुझ्यावरचं ओझं तेवढंच कमी होईल."

ड्वाइटचा राग कुठल्या कुठे गेला. त्याला भरूनच आलं.

"ओझं कसलं गं? इतकी वर्षं त्या रकान्यात तुझं नाव लिहितोय. मला आवडतं ते."

"बरं, सुधारते. पण मग शनिवारी मळके कपडे धुवायला घेऊन येणार. अवलंबून आहे ना मी?"

"ये," तो म्हणाला, आणि त्याने आईला फोन लावला.

"आई, मिटलं सगळं. टेसा माझीच आहे."

"ते ठाऊक होतं मला. तू कुणाचा आहेस, ते सांग आधी."

"तुझाच, आई," छप्पन्न वर्षांचा ड्वाइट म्हणाला. "पिएरोगी करशील ना?"