सगुणाबाईंची सुगंधी अबोली

एका जंगलात, म्हणजे मोबाइलला रेंज यायला लागली होती अशा जंगलात, सगुणाबाई नावाची साळिंदर राहत होती. बाळांनो, तोंडातलं बोट काढा आणि नीट ऐका.

सगुणाबाईंच्या लेकीचं, द्वारकीचं, लग्न ठरलं होतं. साळिंदरांत रीत अशी, की नवरीला वेणी अबोलीचीच हवी, आणि तीही दारच्या झाडाची. विकतची चालत नाही. ज्या घरात साधी अबोली फुलत नाही, तिथली पोरगी काय संसार फुलवणार, असं म्हणून वरपक्ष मांडवातून उठतो. द्वारकीचं एक लग्न असंच मोडलं होतं. पोरगी कितीतरी दिवस धड जेवली नव्हती.

म्हणून या खेपेला सगुणाबाईंनी वेळेवर कुंडीत अबोली लावली. अबोली म्हणजे गुडघाभर झुडूप. थोडं ऊन, थोडी सावली, माती वाळली की पाणी. बस. शेळीलाही जमेल, खाल्लं नाही तर.

पण सगुणाबाईंनी ग्रुपवर विचारलं! ग्रुपचे ॲडमिन जानराव अस्वल. ते बागकामावर फार सुंदर बोलत. बाग नव्हती.

"ताक घाला," जानराव म्हणाले. घातलं.

"चहाचा चोथा. केळीची सालं." तीही घातली.

"आता अंड्याची टरफलं." लांडोरीकडून मागून आणली.

"दिवसातून चारदा पाणी घाला. आणि झाडाशी प्रेमानं बोला."

सगुणाबाई बोलल्या. प्रेमाच्या भरात जरा जवळ सरकल्या आणि पानांना काट्यांची भोकं पडली.

पानं पिवळी झाली. कुंडीला असा वास सुटला, की तरससुद्धा नाक दाबून पळालं.

"जानराव, झाड मरतंय हो!"

"मरत नाही, पचवतंय. आणखी ताक घाला."

लग्नाला दीड-दोन महिने उरले, तरी कळीचा पत्ता नाही. सगुणाबाईंचं डोकंच फिरलं. "मेलं ताक पिऊन पिऊन माजलंय!" म्हणत त्यांनी झुडूप उपटलं, घरामागच्या फणसाखाली फेकलं आणि ढसाढसा रडल्या.

"आई, रडू नकोस गं. मी राहीन अशीच," द्वारकी म्हणाली. त्यावर त्या आणखीच रडल्या.

आता, त्या फणसाखाली अधूनमधून धोंडिबा गाढव येई. कशाला, ते विचारू नका. बरं, सांगते. मुतायला. हसू नका, तुम्ही काय गुलाबपाणी शिंपडता?

झुडूप पडल्या जागी रुजलं. फणसाची सावली होती. पाणी, म्हणजे तेच, बेताचं मिळत होतं. मुख्य म्हणजे कुणी विचारपूस करत नव्हतं. लग्नाच्या सकाळी द्वारकी घरामागे डोळे पुसायला गेली आणि किंचाळलीच. झुडूप केशरी फुलांनी लगडलं होतं.

झटपट वेणी झाली. ती माळायची कुठे हा प्रश्न साळिंदरांना पडत नाही, अंगभर खुंट्याच असतात. मांडवात विहीणबाईंनी वेणी जवळ ओढून हुंगली. त्यांचा चेहरा वाकडा झाला.

"अबोलीला वास नसतो," त्या म्हणाल्या. "हिला येतोय. कसला हो हा?"

सगुणाबाईंनी कपाळावर हात मारला. गेलं, हेही लग्न गेलं! द्वारकीनं डोळे घट्ट मिटले. मांडवाच्या टोकाला धोंडिबा खाली मान घालून उभा राहिला.

तेवढ्यात जानराव पोट सावरत उठले. "अहो, ही सुगंधी अबोली! आमच्या ताकाचा गुण!"

विहीणबाईंनी पुन्हा हुंगलं. आता सगळं वऱ्हाड त्यांच्याकडे बघत होतं.

"हं... उंची आहे," त्या म्हणाल्या. "सवय नसलेल्याला कळायचा नाही."

मग काय, सगळ्या वऱ्हाडानं रांग लावून वेणी हुंगली आणि माना डोलावल्या. लग्न लागलं. द्वारकी सुखात आहे. जानरावांना शाल-श्रीफळ मिळालं. हल्ली जंगलात घरोघरी अबोलीला ताक घालतात, आणि एक फूल येईल तर शपथ. धोंडिबाला मात्र, घाण करतो म्हणून, फणसाखालून कायमचं हाकललं.

तात्पर्य: झाड जगवायचं असेल, तर ते सल्ला देणाऱ्यापासून लांब फेकावं. सल्ला देणाऱ्याला मात्र लग्नाला अगत्यानं बोलवावं. झाड त्याच्यावाचून फुलतं, पण लेकीचं लग्न त्याच्यावाचून लागत नाही.