दोनदा बोलणारे पाठकभाऊ

मी हौदाच्या तळाशी पडले होते. उजवा पाय घोट्यातून वाकडा झाला होता. वर झाकणाएवढं चौकोनी आभाळ दिसत होतं आणि त्यात पाठकभाऊंचं टक्कल.

"आक्का," ते वरून म्हणाले, "तुमच्याजवळ काय काय वस्तू आहेत?"

"मोडलेला पाय आहे. माणसं बोलवा."

"बोलावतो. खाली काय काय दिसतंय ते सांगा आधी."

"तुमचं डोकं दिसतंय!"

टक्कल गेलं. गल्लीत हाका मारून परत आलं.

"कुणी नाही. आक्का, तुमच्याजवळ काय काय वस्तू आहेत?"

मी त्यांना काय म्हणाले ते इथं लिहीत नाही.

हा हौद गारखेड्यातल्या आमच्या गल्लीचा. सहा घरांत एक, जमिनीखाली, दीड पुरुष खोल. पाऊस लागोपाठ दुसऱ्या वर्षी आला नव्हता. चारी बाजूंनी नव्या इमारती उठल्या, प्रत्येकीनं आपला बोअर मारला आणि आमच्या बोअरमधून नुसती हवा यायला लागली. आठवड्याला एक टँकर यायचा. तळाचं वीतभर पाणी मोटार ओढत नाही, म्हणून टँकर यायच्या दिवशी कुणीतरी आत उतरून ते तांब्यानं भरून घ्यायचं. ते काम तरण्या माणसांचं. पण त्या दिवशी सगळी गल्ली सिल्लोडला लग्नाला गेलेली, आणि मला ते वीतभर पाणी सोडवेना. कॅन खाली टाकले आणि उतरले. भिंतीतल्या लोखंडी पायऱ्यांतली तिसरी पायरी माझ्यासकट खाली आली. चूक माझीच.

पाठकभाऊ लग्नाला गेले नव्हते, कारण ते कुठंच जात नसत. मोजणी खात्यात कारकून होते. नोकरीभर दुसऱ्यांच्या शेतांचे नकाशे काढले आणि घरी आल्यावर कॉम्प्युटरवरच्या एका खेळाचे. तो खेळ म्हणजे काय, तर एक टोपीवाला माणूस एका बेटावर हरवलेला आहे आणि त्याला घरी जायचं आहे. बस. गोळीबार नाही, मोटारींची शर्यत नाही. तो चालतो, वस्तू उचलतो, भेटेल त्याला विचारतो. पाठकभाऊंनी त्या बेटाचा नकाशा आलेखाच्या कागदावर काढून भिंतीला लावला होता. प्रत्येक जागेला गट नंबर. खाली चतुःसीमा: पूर्वेस नदी, पश्चिमेस म्हातारीची झोपडी, दक्षिणेस गुहा, उत्तरेस बंद दार. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, मलासुद्धा तो वाचता आला. सातबारा तेवढा काढायचा राहिला होता.

खेळाचे नियम ते घराबाहेरही पाळायचे. पहिला नियम, काही टाकायचं नाही. खांद्याला कायम एक कापडी पिशवी. तिच्यात दोर, मेणबत्ती, सायकलची ट्यूब, नरसाळं, एक कुलूप बिनकिल्लीचं. "प्रत्येक वस्तू कामाला येते, आक्का. फक्त तिची वेळ यावी लागते." दुसरा नियम, प्रत्येकाशी दोनदा बोलायचं. खेळात म्हणे माणसं पहिल्यांदा काहीबाही सांगतात, दुसऱ्यांदा विचारलं की खरं सांगतात. त्यामुळं ते भाजीवालीला मेथीचा भाव विचारायचे, चार पावलं जायचे, परत यायचे आणि तोच भाव परत विचारायचे. ती म्हणायची, "काका, येडी झाले मी तुमच्यापायी." पण दुसऱ्यांदा ती भाव उतरवायची, हेही खरं. गल्लीतली माणसं त्यांना मागून 'दोनदा' म्हणत. मीही म्हणायचे.

मी एकदा विचारलं होतं, एवढं काय आहे त्या खेळात? ते म्हणाले, "हल्लीचे खेळ थांबत नाहीत. पापणी लवली की मेलात. हा थांबतो. तुम्ही उठून जेवायला गेलात, गावाला गेलात, तरी तो माणूस सोडला तिथंच उभा असतो. रुसत नाही." मला वाटलं, रिकाम्या माणसाचे उद्योग.

तर टँकर आला. टँकरवाला एकटाच होता. झाकणातून खाली बघून म्हणाला, "अरे चाचा, ये अम्मा अंदर कैकू बैठी?"

दोघांनी पिशवीतला दोर सोडला. मी काखेतून बांधला. त्यांनी मला हातभर उचललं, काखा सोलल्या आणि धपकन सोडलं. पाठकभाऊंचं वजन गव्हाच्या अर्ध्या पोत्याएवढं, टँकरवालाही काडीपैलवान. तो म्हणाला, "नक्को चाचा, मेरेसे नै होता. पुढच्या गल्लीत लोक पाण्यासाठी रस्त्यावर बसले. मी टँकर तिकडं नेतो, वापस येताना माणसं आणतो."

म्हणजे आमचं पाणी गेलं. मी खालून ओरडले, "टँकर जाऊ देऊ नका!"

पाठकभाऊंनी पिशवी चाचपली. मग वाकले.

"आक्का, कॅन किती आहेत?"

"दोन."

"झाकणं आहेत?"

"हायेत."

"रिकामे?"

"एक भरलाय बसल्या बसल्या."

"तो ओता."

"ओतणार नाही!" पाय मोडलेला असूनही मी हे म्हणाले. त्या साली कुणीही हेच म्हणालं असतं.

"अहो, हौदातच ओतायचाय. दोन्ही रिकामे करा, झाकणं गच्च लावा, दोराला बांधून काखेत धरा." मग टँकरवाल्याकडं वळून म्हणाले, "सोडा पाणी. बारीक धार."

"पागल हुए क्या? बुढ्ढी डूबेगी!"

"बुडणार नाही. माणूस वर येत नसेल तर पाणी वर आणायचं."

"मला पोहता येत नाही," मी म्हणाले.

"त्यालाही येत नव्हतं."

"कुणाला?"

"खेळातल्या माणसाला. तोही विहिरीत पडला होता. आम्ही तीन महिने अडकलो होतो. दोर लावला, शिडी लावली, काही चालेना. मग मनूला सुचलं."

मनू त्यांची मुलगी. ती लहान असताना दोघं मिळून हा खेळ खेळायची, हे मला तिथं, हौदाच्या तळाशी कळलं. पाणी गुडघ्याला आलं तशी मी चांगल्या पायावर भिंतीला चिकटले. ते झाकणाशी पालथे पडून बोलत राहिले. मनू शाळेतून आली की दप्तर कुठं फेकायची. ती माणसाला चालवायची, हे नकाशा काढायचे. विहिरीची युक्ती तिला पोळी खाता खाता सुचली आणि तोंडातल्या घासासकट ती ओरडली. पाणी कमरेला आलं, छातीला आलं. मग पाय सुटले. मी लुगड्यासकट फुगून बेडकासारखी वर आले. पाऊण तास लागला. झाकणाशी आल्यावर दोघांनी मला दंडाला धरून बाहेर ओढलं.

टँकरवाला हौदात डोकावून म्हणाला, "पानी तो एक बूँद वेस्ट नै गया, अम्मा."

ते पाणी गल्लीनं आठ दिवस प्यायलं. आम्ही तिघांनी कुणाला काही सांगितलं नाही. आता सांगतेय.

प्लास्टर निघाल्यावर मी काठी टेकत पाठकभाऊंकडं गेले. म्हणाले, "दाखवा ती विहीर." त्यांनी दाखवली. मग सगळं बेट फिरवलं. नदी झाली, झोपडी झाली, गुहा झाली. टोपीवाला सगळ्यांशी बोलला, दोन दोनदा. शेवटी तो उत्तरेच्या दारापुढं येऊन उभा राहिला. दारापलीकडं त्याचं घर, किल्ली त्याच्याजवळ होती. भाऊंनी मशीन बंद केलं.

"उघडा की दार."

"रोज इथंपर्यंतच येतो," ते म्हणाले. "ती शिकायला बाहेर गेली तेव्हा म्हणाली होती, बाबा, दार मी आल्यावर उघडू. मग नोकरी लागली तिकडं. लग्न झालं. येते, पण दोन दिवस येते. मुलं असतात बरोबर."

"किती वर्षं झाली?"

त्यांनी सांगितली. मी ऐकून घेतली.

"मग तिला विचारा ना. फोनवर बोलता की दर रविवारी."

"विचारलं नाही."

"का?"

त्यांनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला. "तिनं विचारलं, कुठलं दार, तर?"

सगळ्या गल्लीशी दोनदा बोलणारा माणूस. पोरीला एकदा विचारत नव्हता. मला गोड बोलता येत नाही. मी म्हणाले, "चहा टाका."

तेव्हापासून रोज दुपारी चारला मी त्यांच्याकडं जाते. आता हौद बुजवलाय, त्यावर गाड्या उभ्या असतात. भाजीवाली गेली, तिच्या जागी मॉल आहे. भाऊ काठीनं चालतात, पिशवी तेवढी खांद्यावर आहे. मी रोज विचारते, "पोरीला विचारलं का?" ते नाही म्हणतात. चहा झाला की मी परत विचारते. दुसऱ्यांदाही नाहीच म्हणतात.

दार बंद आहे. मनूच्या युक्तीनं विहिरीतून आजवर दोघं जिवंत वर आली. एक तो टोपीवाला, आणि एक मी.