म्हाताऱ्याचा तुकडा

दिलीपला बेडूक मिळाले तेव्हा मी शेजारीच उभा होतो. राधानगरीच्या जंगलात, गुडघाभर चिखलात. मगदूम सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "दिल्या, बेडकं तुझी. जा, कर जा." बस्स. जिल्ह्यातले सगळे बेडूक त्या क्षणापासून दिलीपचे झाले. मी त्याच चिखलात, त्याच्याइतकाच भिजून, सरांची छत्री धरून उभा होतो. मला छत्री मिटायला सांगितलं.

सर कॉलेजात कीटकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, पण मूळ गडी शिरोळकडचा शेतकरी. त्यामुळं त्यांनी विज्ञानातही सातबारा आणला होता. निसर्गाचं वेड घेऊन जो कोणी त्यांच्याकडं येई त्याला चार-सहा महिने हिंडवायचं, पारखायचं आणि मग एक प्राणी नावावर करून द्यायचा. सुजाताला कोळी दिले. जयसिंगपूरच्या एका दातांच्या डॉक्टरला गोगलगाई दिल्या. तो बिचारा म्हणाला, "सर, मला काय कळतंय गोगलगाईतलं?" सर म्हणाले, "गोगलगाईला हजारो दात असत्यात. तुझा धंदा बुडायचा न्हाई."

एकदा वाटणी झाली की दुसऱ्यानं त्यात लुडबुड करायची नाही. केली तर सर म्हणायचे, "बांध कोरू नगंस." एकदा राधानगरीला एका कोळ्यानं बेडकाचं पिल्लू धरलं. दिलीप म्हणतोय फोटो माझा, सुजाता म्हणतेय माझा. दोघांचं बोलणं बंद झालं. शेवटी सर पंचासारखे कट्ट्यावर बसले आणि निवाडा दिला, "मेलेलं दिलीपचं, जितं सुजाताचं. फोटो निम्मा निम्मा." दोघंही खूश होऊन गेले. मी मनात म्हटलं, भांडायला तरी यांच्याकडं काही आहे.

माझ्याकडं स्कूटर होती. मी राजारामपुरीत सरांच्या मागच्याच गल्लीत राहतो, शाळेत विज्ञान शिकवतो. सरांना गाडी येत नव्हती, म्हणून स्टँडवर सोडायला मी, आणायला मी, चष्म्याची काडी बसवून आणायला मी. बाकीचे शिकून परदेशी जाऊन आले. सर त्यांच्याविषयी बोलायला लागले की मला ढेकर यायचे. आम्लपित्त नव्हे, निव्वळ जळफळाट. बायको म्हणायची, "एवढं वाटतंय तर मागा की एखादा किडा." पण मागून घेतलेल्याला काय किंमत?

सरांचा स्वतःचा विषय रातकिडे. ते त्यांनी कुणालाच दिले नव्हते. सर जैन, त्यांनी आयुष्यात एक किडा मारला नाही. कीटकशास्त्रज्ञानं किडा मारायचा नाही म्हणजे हलवायानं साखरेला हात लावायचा नाही. टाचण्या टोचलेल्या किड्यांची पेटी त्यांच्या घरात नव्हती. "मारून वळख पटवायची असंल तर पोलिसात जावा," म्हणायचे. "जित्या जिवाची वळख आवाजावरनं." आणि खरोखरच नुसत्या किरकिरीवरून ते किड्याचं नाव, गाव आणि वय सांगायचे. निदान पूर्वी सांगायचे असं दिलीप सांगतो. तो त्यांच्याकडं माझ्याआधी आला. त्याचाही मला राग आहे.

माझ्या काळात मात्र रोजचा कार्यक्रम वेगळाच. सूर्य मावळायच्या आत सरांचं जेवण उरकलेलं असायचं. मग परसातल्या हौदाशेजारी कट्ट्यावर बसायचे आणि मला समोर बसवायचे.

"ऐक की. काय ऐकू येतंय?"

"रातकिडे."

"रातकिडं म्हंजे? माणसं म्हटल्यागत झालं. कसा वरडतोय त्ये सांग."

मग मी, दोन यत्ता शिकवणारा, रक्तदाबाची गोळी घेणारा गृहस्थ, तोंडानं आवाज काढायचा. "त्रीट्, त्रीट्."

"जोरात की."

"त्रीट्! त्रीट्!"

सर डोळे मिटून मान हलवायचे. गुण कधी दिले नाहीत. मी समजायचो, ही परीक्षा आहे आणि मी रोज नापास होतोय. शेजारच्या आजींनी बायकोला गाठून विचारलं होतं, "तुमच्या ह्यांस्नी बरं न्हाई काय?"

यावर कडी म्हणजे सरांची मुलांसाठीची पुस्तकं. कोल्हापुरातल्या घराघरांत ती आहेत. त्यात दिलीप बेडूक हवालदार झाला, पोटासकट. सुजाता चष्मेवाली शिंपीण झाली, कोळ्याच्या जाळ्याला रफू करणारी. दातांचा डॉक्टरसुद्धा एका गोष्टीत शंख घालून आला. मी कुठंच नाही. पुस्तकातले रातकिडे मात्र अगदी मी काढतो तसेच ओरडायचे, त्याच ट-ला त्याच जोरानं. शाळेत पोरं मधल्या सुट्टीत तो आवाज काढत हिंडायची. माझी मुलगी पुस्तक चाळून मला म्हणाली, "पप्पा, तुम्ही कुठल्या पानावर आहात?" त्या दिवशी मी जेवलो नाही.

मग सुजाताला नवा कोळी सापडला. जगात कुणाला ठाऊक नसलेला, थेट आपल्या पन्हाळ्याच्या वाटेवर. ती पेढे घेऊन आली. मी दोन पेढे खाल्ले आणि तडक सरांकडं गेलो. नेहमीसारखे कट्ट्यावर बसले होते. हौदामागच्या दगडात एक किडा असा काही पेटला होता की सरांच्या पत्नी, आमच्या काकू, स्वयंपाकघरातून ओरडत होत्या, "तेवढं त्येला गप करा कोणतरी, डोकं उठलं माझं." मीही आवाज चढवला.

"सर, सगळ्यांना दिलंत. मला काय?"

"वरडतोस कशाला?" सर शांतपणे म्हणाले.

"या किड्यामुळं!"

"कुठल्या?"

मी हौदाकडं बोट केलं. सरांनी तिकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, मग दारात येऊन उभ्या राहिलेल्या काकूंकडं. मला एकदम जाणवलं की त्या कलकलाटात काकू आणि मी घसा ताणून बोलत होतो आणि सर एकटेच हळू.

"वरडतोय व्हय आत्ता?" त्यांनी विचारलं.

"सांगा की आता त्याला," काकू म्हणाल्या. "किती दिवस लपवणार?"

सर हौदाच्या कडेवरून हात फिरवत राहिले. "आधी बारीक किडं गेलं. मग ह्यो. वय झालं की बारीक आवाज जात्यात, डॉक्टर म्हणला. माणसाचं ऐकू येतंय. तुझं तर लईच." मग म्हणाले, "म्हटलं जाऊंदेत. सुहास हाय की."

सुहास म्हणजे मी. त्यांच्या तोंडून माझं नाव मी तेव्हा पहिल्यांदाच नीट ऐकलं. एरवी मी नुसता "ऐक की" होतो. जन्मभर ज्या एका गोष्टीवर जगले ती त्यांच्या कानातून निघून गेली होती, आणि ते ती रोज संध्याकाळी माझ्या तोंडून ऐकत होते. मी त्याला परीक्षा समजत होतो.

"आनि तुला कसली वाटणी?" सर म्हणाले. "पोरांच्यात जमीन वाटली तरी म्हातारा एक तुकडा आपल्यापाशी ठेवतोय. पोटापुरता. म्हातारा ज्येच्याजवळ ऱ्हातो, शेवटाला त्यो तुकडा त्येचा. त्येला कोण वाटणी म्हणत न्हाई."

मी त्यांच्यासमोर माझ्या रोजच्या जागी बसलो.

"आता सांग तर. कसा वरडतोय?"

मी सांगितलं. आवाज फाटला, तरी सांगितलं. सर डोळे मिटून म्हणाले, "मधीच अडखळतोय न्हवं? म्हातारा हाय. पंख झिजल्यात."

माझा मत्सर गेला म्हणाल तर नाही. सर शेवटचे दवाखान्यात होते तेव्हा मी रजा टाकून धावत गेलो, तर त्यांनी मला बघून पहिलं विचारलं, "हौदामागचा वरडतोय का?" मी कसा आहे, जेवलो का, काही नाही. तेव्हापासून मला त्या किड्याचा हेवा वाटतो.

सर गेल्यावर शोकसभेत सगळ्यांनी आपापल्या वाटणीच्या आठवणी सांगितल्या. चहाच्या वेळी दिलीप मला बाजूला घेऊन म्हणाला, "सरांचे रातकिडे तसेच पडलेत. माझा एक विद्यार्थी हुशार आहे, त्याला लावू का कामाला?"

"बांध कोरू नकोस," मी म्हणालो. तो हसला. मी हसलो नाही, तेव्हा त्यानं कप खाली ठेवला.

त्या संध्याकाळी काकूंकडं गेलो. त्यांनीही जेवण लवकर उरकलं होतं. आम्ही दोघं दारात बसलो, कट्टा रिकामाच ठेवला. अंधारून यायला लागलं तसा हौदामागून आवाज सुरू झाला. काकूंना तो स्वच्छ ऐकू येत होता, कान शाबूत आहेत त्यांचे. तरी सवयीनं माझ्या तोंडून निघालं, "त्रीट्, त्रीट्."

काकू कट्ट्याकडं बघत होत्या.

"जोरात की," त्या म्हणाल्या.