घोटणाऱ्या म्हाळसाबाईच्या वेतनाचा निवाडा

श्रीगजाननास नमन, शारदेस नमन, आणि ज्याचे पाठीवर अवघा राज्यकारभार चालतो त्या कागदासही नमन. शके सोळाशे अठ्ठ्याऐंशी, व्ययनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी एका राज्यात वर्तमान घडले ते ऐसे.

राज्याचे कागदखान्यात बारा बायका कागदास खळ लावोन गुळगुळीत दगडाने घोटीत असत. त्यांत म्हाळसाबाई वडील, एकवीस वर्षे चाकरीस, वेतन सर्वजणींसारखेच दरमहा तीन रुपये. मग कागदखान्याचे दरोगे नारोपंत यांनी आपले गावचे बहिर्जी यांस कामास आणिले, आणि "यास घोटणे शिकवावे" म्हणोन बाईस आज्ञा केली. बाईने शिकविले, आणि शिकाऊ बहिर्जीस सहा रुपये लागू झाले. मग बाईने पुसिले, "पंत, शिष्यास सहा आणि गुरूस तीन, हे कसे?" पंत बोलिले, "तहाचे खरित्याचा, म्हणजे दुसरे राजांस जाणाऱ्या पत्राचा, कागद पुरुषानेच घोटावा, ऐसा दंडक. त्या कामास सहा. तुझे कागद किरकोळ." बाई कामास लागली, परंतु चित्त ठिकाणी नाही. भाकरी थापिता थापिता हात थांबे आणि पुन्हा तेच मनी येई.

मग पौष मासी शेजारचे राज्याशी तह ठरला आणि खरिता रवाना झाला. बहिर्जीने कागद कच्चा घोटिला होता, तेणेकरून शाई फुटली, आणि सीमेवरील कोणता गाव कोणाचा हे वाचवेना. शेजारचे राजे रुष्ट झाले, खरिता परत आला, आणि कारभारी यांनी सर्वांस दरबारी उभे केले. पंतांनी बहिर्जीस वाचवावे म्हणोन हात जोडिले आणि बोलिले, "सरकार, तो कागद म्हाळसेने घोटिला."

कारभारी म्हणाले, "खरे असल्यास बाईची चाकरी गेली." नाही म्हणावे तर पंतांपुढे आपणांस कोण मानितो, ऐसा बाईने विचार केला, आणि मग बोलिली, "पंत खोटे कशास बोलतील? मीच घोटिला असेल. मग दंडकाप्रमाणे त्या कामाचे सहा रुपये आधी द्यावे, आणि मग काढावे."

दरबारी दोघे तिघे खोकले. पंत म्हणाले, "सरकार, तो एकच कागद..." बाई म्हणाली, "एकाचे तर एकाचे द्या." तेव्हा बहिर्जी खाली पाहोन बोलिला, "कागद माझा. बाई म्हणत होती, आणखी दोन हात फिरव. मजला भूक लागली होती."

कारभारी यांनी बहुत विचार केला आणि आज्ञा केली की, खरिते बाईनेच घोटावे आणि सहा रुपये घ्यावे; परंतु दंडक वडिलांचा, तो मोडता नये; सबब हजिरीत बाईचे नाव म्हाळोजी ऐसे लिहावे. दरबाराने या अकलेची वाखाणणी केली. पंत हसोन म्हणाले, "आता तरी संतोष ना, म्हाळोजी?"

बाई म्हणाली, "वेतन म्हाळोजीचे, तर उद्यापासून घोटावयासही त्यासच बोलवावे." आणि पदर खोचोन बाहेर पडली, आणि उरल्या अकरा तिजमागे गेल्या.

मग आठ दिवस म्हाळोजी आला नाही. पंतांनी त्यास गैरहजिरीचा दंड लिहिला. नववे दिवशी नवा खरिता लिहिणे प्राप्त झाले आणि बहिर्जीचे कच्चे कागदावाचून घोटिला कागद एक नाही, म्हणोन हुजऱ्या बाईचे दारी गेला. बाई म्हणाली, "नाव माझे लिहावे, आणि बाराजणींस सहा लिहावे. येते." हुजऱ्या गेला आणि परत येवोन म्हणाला, "विचार करू म्हणतात." बाई म्हणाली, "मग मीही करिते," आणि दार लोटिले. परंतु हातास काम नाही, म्हणोन घासलेलीच भांडी पुन्हा घासीत बसली.

सारांश, तह व्हावयाचा आहे. दोहीकडील फौजा सीमेवर तळ देवोन आहेत, त्यांचा खर्च रोज चार हजार. आणि कागदखान्यात दरमहा छत्तीस रुपये वाचत आहेत, ऐसे नारोपंतांनी सरकारात आनंदे कळविले.