लेडीचा पाव

क्लेमेंट टिल्सलीला शब्दांची कुळं काढायची खोड होती. खिडकी दिसली की "विंडो म्हणजे वाऱ्याचा डोळा." डेझीचं फूल दिसलं की "दिवसाचा डोळा." गावातल्या मार्शल नावाच्या रुबाबदार कर्नलला तर त्याने, तुमचे पूर्वज घोड्यांना खरारा करायचे असं भर दुकानात ऐकवलं होतं. लोक "हाऊ नाइस!" म्हणायचे आणि काढता पाय घ्यायचे. त्यावरही हा पाठमोऱ्या माणसाला ओरडून सांगे, "नाइस म्हणजे पूर्वी मूर्ख, बरं का!"

बायकोला, म्युरिअलला, काढता पाय घ्यायची सोय नव्हती. बिचारीची एकच इच्छा होती. ऑगस्टमधल्या गावच्या प्रदर्शनात पावाच्या स्पर्धेचा कप आपल्याला मिळावा. अकरा वर्षं ओळीने तिचा दुसरा नंबर आला होता. परीक्षक दरवर्षी एकच, टेकडीवरच्या मोठ्या घरातल्या लेडी रोझमंड.

प्रदर्शनाच्या आठवडाभर आधी समितीचा चहा होता. बाईसाहेबांच्या स्वागताचं भाषण क्लेमेंटकडे आलं.

"दोनच वाक्यं बोल," म्युरिअलने बजावलं. "आणि कृपा कर, कुणाचं कूळ काढू नकोस."

"छे गं, मी कशाला काढतोय!"

आणि पठ्ठ्या उभा राहून पहिलंच वाक्य बोलला, "मंडळी, लेडी म्हणजे मुळात पावाची कणीक मळणारी! आणि लॉर्ड म्हणजे त्या पावाचा राखणदार!"

हॉलमध्ये चमचेसुद्धा वाजायचे थांबले. म्युरिअलने डोळे मिटून घेतले.

"इंटरेस्टिंग," लेडी रोझमंड म्हणाल्या. त्या गावात हा शब्द ऐकला की शहाणी माणसं आपली छत्री शोधू लागतात. "मग मी नुसती चव काय घेत बसलेय? यंदा मी मळणार. स्पर्धेत उतरणार! आणि मिस्टर टिल्सलींना पावातलं इतकं कळतं, तर परीक्षक तेच."

"वा, काय छान कल्पना!" सगळी समिती एकसुरात म्हणाली. एकालाही ती छान वाटली नव्हती, पण तोंडावर नाही म्हणायची त्या गावाची रीतच नाही. म्युरिअलनेही नाव मागे घेतलं नाही. नावाची चिठ्ठी ताटलीखाली झाकलेली असते, मग हरकत कसली? प्रदर्शनाआधी दोन दिवस तिने नवऱ्याला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही, एवढंच.

शनिवारी नऊ ताटल्यांपुढे उभं राहताना क्लेमेंटला घाम फुटला. चौथ्या पावाचा तुकडा तोंडात पडला आणि त्याला आपलं स्वयंपाकघर आठवलं. खमंग, हलका, वर कुरकुरीत. तीस वर्षं रोज सकाळी खाल्लेली चव ती, चुकणार कशी! हा म्युरिअलचा. मग सातवा. सातव्यात सुरीच शिरेना. आत कच्चा, बाहेर करपलेला. हा बाईसाहेबांचा, असला पाव मांडायची दुसऱ्या कुणाची छाती आहे!

आता आली का पंचाईत! बायकोला कप द्यावा, तर गाव तोंडावर गोड हसणार आणि पाठीमागे वर्षभर चघळणार. बाईसाहेबांना हरवावं, तर ज्या हॉलमध्ये उभा होता तो त्यांच्याच जागेवर होता. म्युरिअल दाराशी उभी राहून त्याच्याकडे बघत होती. त्याने तिची नजर चुकवली आणि पहिल्या नंबरची लाल फीत सातव्या ताटलीवर ठेवली.

गावच्या पाद्रीसाहेबांनी त्या ताटलीखालची चिठ्ठी उलटली. "पहिला क्रमांक... म्युरिअल टिल्सली!"

क्लेमेंटने ताटल्या पुन्हा मोजल्या. सातवीच होती. पाद्रीसाहेबांनी चौथी ताटली उचलली. "ही बाईसाहेबांची. हिला काहीच नाही."

लेडी रोझमंडने स्वतःच्या हाताने म्युरिअलला कप दिला. मग क्लेमेंटकडे वळून त्या हसल्या, फक्त ओठांनी. "हाऊ नाइस, मिस्टर टिल्सली!"

घरी आल्यावर म्युरिअलने कप टेबलावर ठेवला आणि सांगितलं, "बुधवारी बाईसाहेबांचा फोन आला होता. म्हणाल्या, मला कणकेतलं ओ की ठो कळत नाही, गुपचूप तूच करून दे."

"आणि तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? आनंदाने, म्हणाले! आधी त्यांचा नीट केला. माझा मग घाईत उरकला, फुगलाच नाही मेला." तिचे डोळे भरून आले. "तरी तू ओळखलास, क्लेमेंट. असला दगड, तरी माझा म्हणून ओळखलास आणि गावाची पर्वा न करता मला कप दिलास. मला वाटायचं, तीस वर्षं मी काय करते याकडे तुझं लक्षच नसतं."

दुसऱ्याची चूक दाखवल्याशिवाय ज्याला चहा गोड लागत नसे, तो माणूस आयुष्यात पहिल्यांदा समोरच्याची चूक गिळून बसला.

"न ओळखायला काय झालं?" तो पुटपुटला.

म्युरिअलने नाक पुसलं, विजेत्या पावाचा दोन बोटं जाड तुकडा महत्प्रयासाने कापला आणि त्याच्यापुढे ठेवला.

"बरं, हजबंड म्हणजे मुळात काय रे?"

"घराचा मालक," क्लेमेंट बारीक आवाजात म्हणाला.

"मग चावा, मालक. अजून अख्खा पाव उरलाय."