येसूबाईंच्या दातांची तीन कोटेशनं

येसूबाईंचे पुढचे दोन दात हलायला लागले आणि सुहासनं ठरवलं, की तीन कोटेशनं घ्यायची. झालं! पुढचा सगळा घोळ एवढ्याशा निर्णयातून झाला.

तसा सुहासला तरी दोष काय द्यायचा? तो आंबीच्या एका कारखान्यात परचेस खात्यात होता. तिथं साधा खराटा घ्यायचा तरी तीन दुकानांचे भाव मागवावे लागत. इतकी वर्षं हेच केल्यावर माणसाला दुसरं सुचणार काय? घरचा मिक्सर त्यानं तीन कोटेशनांवरच घेतला होता. (लग्नाच्या वेळी त्यानं किती मुली पाहिल्या होत्या, हे त्याची बायको प्रतीक्षा अधूनमधून विचारते. तो उत्तर देत नाही. शहाणा आहे.)

येसूबाई ही त्याची आई. वराळ्याच्या विहारात दर चौदा एप्रिलला महिला मंडळाची भीमगीतं होतात, आणि त्यात पुढचा आवाज येसूबाईंचा. पांढरं पातळ नेसून म्हातारी माईकपुढं उभी राहिली, की पोरं मोबाइल खिशात घालतात. मागं कोरसमध्ये भागुबाई असतात. त्यांचा आवाज दळणाच्या गिरणीशी नातं सांगणारा, पण उमेद दांडगी. कधी एकदा येसूबाईंचा घसा बसतोय याची त्या बरीच वर्षं वाट बघत होत्या. घसा काही बसला नाही, पण आता दात हलले होते.

"माईकवर दात पडला तर सारी वस्ती हसंल रं," येसूबाई म्हणाल्या. "आन् काढून टाकला तर निसती हवाच जाती तोंडातनं. जयंतीच्या आत काय तरी कर बाबा."

तळेगाव स्टेशनजवळ डॉक्टर अनघाबाईंचा दवाखाना आहे. सारं वराळं तिथंच जातं. बाईंनी दात पाहिले आणि सांगितलं, "दोन्ही काढू आणि लगेच दोन दातांची कवळी बसवू. आठवड्याचं काम आहे. सगळं मिळून साडेसहा हजार."

"कंपनीचा इन्शुरन्स चालेल का?" सुहासनं विचारलं.

"नाही हो. मी कुठल्याच नेटवर्कमध्ये नाही."

संपलं! सुहासच्या पगारातून दर महिन्याला मेडिक्लेमचा हप्ता कापला जायचा, आणि घरात कुणी धड आजारी पडत नाही याचं त्याला मनातून जरा वाईटच वाटायचं. (आपलेच पैसे अडकून पडलेत ना!) इतक्या वर्षांनी संधी आली होती, ती काय अशी सोडायची? त्यानं फोनवर नेटवर्कमधले दवाखाने शोधले. एक लोणावळ्यात सापडला. रविवारी आईला स्कूटरवर घालून तो घोरावाडीला गेला, स्टेशनाबाहेर झाडाखाली गाडी फुकट लावली आणि दोघं लोकलनं लोणावळ्याला पोचले.

दवाखाना असा थंडगार, की येसूबाईंनी पदर कानावरून घेतला. कॉफीचं मशीन होतं. काउंटरवरच्या मुलीनं गोड आवाजात सांगितलं, "अठरा हजार, सर. तुम्ही नेटवर्कमधले, म्हणून वीस टक्के सूट. राहिलेल्या रकमेतले निम्मे इन्शुरन्स देईल. म्हणजे, तुमच्या पॉलिसीत बसत असेल तर."

शेवटचं वाक्य सुहासनं ऐकलंच नाही. तो मनात आकडे मांडत होता. परतीच्या वाटेवर त्यानं चिक्की घेतली, तीसुद्धा तीन दुकानांत भाव विचारून. लोकलमध्ये येसूबाई त्या पुड्याकडं बघत बसल्या. हलत्या दातांच्या माणसाला चिक्की म्हणजे नुसतं प्रेक्षणीय स्थळ.

घरी आल्या आल्या त्यानं प्रतीक्षाला सांगितलं, "अठरा हजारांचं काम आपल्याला सात हजार दोनशेत पडणार! जवळजवळ अकरा हजार वाचले!"

"कुठायत?"

"काय कुठायत?"

"वाचलेले अकरा हजार. बघू, दाखवा."

सुहासनं चिक्कीचा पुडा तिच्यापुढं केला.

"अहो, अनघाबाई सगळंच्या सगळं साडेसहात करतायत. तुमचं वाचून सात-दोनशे. वर लोकल, चिक्की आणि पुढच्या खेपांच्या रजा."

"पण ते साडेसहा आपल्या खिशातले!"

"आणि हे सात काय शेजारच्यांच्या खिशातले?"

मुद्दा बिनतोड होता, म्हणून सुहासनं विषय बदलला. तिसरं कोटेशन यायचं आहे, म्हणाला. तिसऱ्यासाठी त्यानं कारखान्यातल्या स्टोअरकीपर श्रीपतीला गाठलं. श्रीपती म्हणाला, "माझ्या वडलांचा दात शेंगदाणे खाताना आपोआप पडला. खर्च शून्य." सुहासनं हेही मनात नोंदवून घेतलं. सगळ्यात स्वस्त हेच होतं.

लोणावळ्याच्या दवाखान्यानं इन्शुरन्सकडं मंजुरी मागितली होती. ती काही येईना. सुहास रोज जेवणाच्या सुट्टीत हेल्पलाइनला फोन लावायचा आणि तिकडची सनई ऐकत डबा खायचा. इकडं येसूबाई चहात भाकरी कुस्करून खात होत्या. विहारात तालीम सुरू झाली, तर त्यांनी तोंडापुढं पदर धरला आणि नुसत्या टाळ्या वाजवल्या. भागुबाईंनी नवं पातळ घेतल्याची बातमी आली.

शेवटी एकदाची हेल्पलाइनवरची मुलगी बोलली. त्या दिवशी सुहास घरीच होता आणि त्यानं फोन स्पीकरवर टाकला होता.

"सर, तुमच्या पॉलिसीत दातांचा खर्च बसत नाही. फक्त अपघातात दात गेला, तरच मिळतो. तेव्हा मात्र पूर्ण मिळतो. शंभर टक्के."

सुहासनं फोन बंद केला. येसूबाई भाजी निवडता निवडता ऐकत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "सुहास, मी म्हंते, त्यात काय एवढं? वेशीपाशी त्यो सपीड ब्रेकर हाय न्हवं? तितं तू गाडी जरा जोरात घे. मी पडते."

"आई!"

"आरं, हळूच पडते की. दात तसंबी जाणारच हायती. तुजं पैसं कापत्यात दर म्हयन्याला, ते वाया जात्यात म्हणून माज्या जिवाला लय लागतंय बघ."

प्रतीक्षाच्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. "तुम्हाला काही वाटतं का हो?" एवढंच ती सुहासला म्हणाली आणि आत गेली. सुहास आईवर ओरडला, भलतंसलतं बोलू नकोस म्हणाला. त्याला खरंच लाज वाटली. तोंडातले दात पाडून घ्यायला निघालेली आई, आणि तेही आपला हप्ता वाया जाऊ नये म्हणून! रात्री जेवण गेलं नाही. एवढे भाव काढले, पण ती चहातली भाकरी आपण कशातच धरली नाही, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. उद्याच अनघाबाईंकडं जायचं, असं त्यानं ठरवलं.

आता खरं तर इथंच गोष्ट संपायला हवी होती. पण परचेसचा माणूस तो!

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून परतताना वेशीपाशी तो स्पीड ब्रेकर आला. सुहासच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी त्याच्या वतीनं शपथेवर सांगतो. त्याला फक्त बघायचं होतं, की हा आहे तरी केवढा, आणि यावरून माणूस पडला तर कितपत लागेल. चालत्या गाडीवरून मान वाकडी करून तो उंचीचा अंदाज घेत होता. अंदाज अगदी बरोबर आला, कारण पुढच्या क्षणी तो रस्त्यावर आडवा होता.

लोक धावले. घर जवळच, त्यामुळं येसूबाई अनवाणीच आल्या. सुहासचा ओठ फाटला होता आणि पुढचा एक दात जागेवर नव्हता.

"चल, रिक्षात बस. अनघाबाईंकडं जाऊ."

"आई, थांब," सुहास रक्त पुसत म्हणाला. "ती नेटवर्कमध्ये नाही..."

येसूबाईंचा असा आवाज वराळ्यानं माईकवरसुद्धा ऐकला नव्हता. "मुडद्या, गप बस! ल्हानपनी तुला इच्चू चावला तवा काखंत मारून पळत गेलते तळेगावापोतर. पयला जो डाक्तर दिसला त्याच्या म्होरं ठिवलं. तवा मी भाव काढत बसले व्हते व्हय?"

सुहास मुकाट्यानं रिक्षात बसला. डोळ्यांत पाणी आलं होतं. ओठ दुखतोय म्हणून, असं त्यानं रिक्षावाल्याला सांगितलं.

अनघाबाईंनी टाके घातले आणि मग येसूबाईंकडं वळून म्हणाल्या, "बरं झालं आलात. तुमची कवळी तयार झालीये. उद्या दात काढून लगेच बसवू."

सुहासनं प्रतीक्षाकडं पाहिलं. तीही मागोमाग येऊन पोचली होती. "तुम्ही सनई ऐकत होतात ना, तेव्हा आम्ही माप देऊन गेलो," ती म्हणाली. "आईंना म्हटलं, तुमच्या लेकाचं मन बदलेल तेव्हा सांगू. काल त्या पडायचं बोलल्या, ते तुमचे पैसे वाया जाऊ नयेत म्हणून. दातांची सोय झालीच होती."

"मग माझा दात?" सुहासनं विचारलं.

"तोही बसवून देते," अनघाबाई म्हणाल्या.

बोबड्या तोंडानं सुहास म्हणाला, "नको. माझा अपघात आहे. शंभर टक्के मिळतात." (स्वभावाला कुठल्याच दवाखान्यात औषध नाही.)

चौदा एप्रिलला विहारापुढं येसूबाई माईकला उभ्या राहिल्या. नव्या दातांनी आधी एकदा हसून घेतलं आणि आवाज असा लावला, की भागुबाईसुद्धा नव्या पातळाचं दुःख विसरून मनापासून टाळ्या वाजवू लागल्या. सुहास शेवटच्या रांगेत ओठ मिटून बसला होता. ही म्हातारी यंदा गप्प राहिली असती तर, या विचारानं त्याचा ऊर भरून आला.

एवढ्यात खिशात मोबाइल थरथरला. इन्शुरन्सचा निरोप होता. त्यानं अधीरपणे वाचला आणि प्रतीक्षापुढं धरला.

'आपला अपघाताचा दावा विचारात घेतला आहे. पुढील कार्यवाहीसाठी कृपया तीन वेगवेगळ्या दवाखान्यांची कोटेशनं पाठवावीत.'

प्रतीक्षानं दोनदा वाचलं. "अगंबाई," ती म्हणाली, "त्यांच्याकडंही एक सुहास बसलाय!"

सुहासला असं काही हसू आलं म्हणता! पण बिचाऱ्याची तोंड उघडायची सोय नव्हती.