पान चारशे बाराची दुरुस्ती

एखादी गोष्ट बरोबर असणे आणि ती अद्ययावत असणे यांत फरक आहे. बरोबर आहे की नाही हे पाहायला ती वाचावी लागते. अद्ययावत आहे की नाही हे नुसत्या तारखेवरून कळते. तेव्हा सुधारलेल्या समाजाने अद्ययावतपणाची बाजू घेतली, यात नवल नाही.

ही गोष्ट ज्या संस्थेत घडली ती एक संगणकभाषा सांभाळते. संगणकाला काय सांगायचे आणि कसे सांगायचे याचे नियम ठरवते आणि ते एका माहितीपुस्तिकेत लिहून जगापुढे ठेवते. इमारत लहानशी. तळमजल्यावर भाषा बनते, पहिल्या मजल्यावर पुस्तिका लिहिली जाते, दुसऱ्यावर समित्या बसतात आणि त्याच्या वर फक्त पाण्याची टाकी आहे. पुस्तिकेची पाने एक हजार एकशे सेहेचाळीस. ती पडद्यावरच वाचायची असतात, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी ‘शेवटची सुधारणा’ म्हणून आजची तारीख असते. ही तारीख रोज सकाळी सहाला आपोआप बदलते. (पूर्वी हे काम हाताने होई. त्यात एखादे पान चुकून वाचले जाण्याचा धोका होता.) या सोयीमुळे पुस्तिका गेली नऊ वर्षे शंभर टक्के अद्ययावत आहे. तसे प्रमाणपत्र जिन्याजवळ लावलेले आहे.

पुस्तिका लिहिणाऱ्या बाईंना सगळे तळटीपबाई म्हणत. कारण त्या नुसते “येते” असे कधीच म्हणत नसत. “येते, म्हणजे दहा मिनिटांत, लिफ्ट चालू असेल तर” असे म्हणत. अशा माणसाच्या हातून चुकीचे वाक्य जाणे कठीण. पण बरोबर वाक्य जागच्या जागी चुकीचे होऊ शकते, हे बाईंना एका सोमवारी कळले.

पान चारशे बारावर ‘पुसा’ या आज्ञेची माहिती होती: “ही आज्ञा दिल्यावर संगणक प्रत्येक वस्तूबद्दल ‘नक्की पुसू का?’ असे विचारतो आणि हो म्हटल्यावरच पुसतो.” वाक्य अकरा वर्षांपूर्वी बाईंनीच लिहिले होते, आणि त्यांना ते मनातून आवडायचेही. त्या प्रश्नाचे चित्र पानावर टाकावे म्हणून बाईंनी आज्ञा देऊन पाहिली. संगणकाने काही विचारले नाही. त्याने बाईंची अकरा वर्षांच्या तळटीपांची यादी पुसली आणि तो पुढच्या कामासाठी तयार झाला.

मग त्या तळमजल्यावर गेल्या. भाषा बनवणाऱ्याला तिथे मिस्त्री म्हणत.

“अहो मिस्त्री, पुसताना विचारायचं बंद केलंत का?”

“दोन वर्षं झाली की! लोक वैतागले होते, सारखं काय विचारतो म्हणून.”

“मग मला सांगायचं नाही का?”

“सांगितलं होतं ना. लिफ्टमध्ये.”

“कोणाला?”

मिस्त्रींनी आठवून पाहिले. “होतं कोणीतरी लिफ्टमध्ये.”

बाईंनी ही भाषा वापरणाऱ्या चाळीस जणांना फोन केले. एकतीस जणांना चूक माहीत होती. त्यांतल्या अठरा जणांनी ‘हा विचारत नाही, सावध!’ अशी चिठ्ठी आपल्या टेबलावर चिकटवली होती. (चिठ्ठ्या अचूक होत्या. दोघांच्या तर पुस्तिकेपेक्षा सोप्या होत्या.) संस्थेला मात्र एकानेही कळवले नव्हते, आणि कारण सगळ्यांचे एकच: एवढ्या मोठ्या जगात कोणीतरी कळवलेच असेल. उरलेल्या नऊ जणांना काही माहीत नव्हते. त्यांतल्या एकाला ते फोन चालू असतानाच कळले.

त्या नऊ जणांत बाईंची धाकटी बहीण होती. ती नदीच्या पाण्याची मोजमापे ठेवायची. सात वर्षे, ऊन असो की थंडी, रोज सकाळी नदीवर जाऊन घेतलेले आकडे. येत्या शुक्रवारी ती साफसफाई करणार होती. ‘पुसा’ म्हणायचे, संगणक एकेक विचारेल तसे कचऱ्याला ‘हो’ म्हणायचे आणि आकड्यांना ‘नाही’, असा तिचा साधा बेत होता.

“अगं, तो विचारत नाही!” बाई ओरडल्याच. “सगळं जाईल तुझं.”

“पण ताई, पुस्तिकेत विचारतो म्हणून लिहिलंय.”

“ते चुकलंय. मीच लिहिलंय आणि मीच सांगतेय.”

“तू फोनवर काहीही बोलतेस गं. लिहितेस ते मात्र विचार करून. मागे फोनवर म्हणालीस गाडी साडेपाचची आहे, ती निघाली पाचची. पुढच्या गाडीसाठी मी अख्खा तास स्टेशनवर बसले होते.”

“अगं, पण...”

“पानावर दाखव, मी लगेच ऐकते.”

अशा निष्ठावंत वाचकांच्या जोरावरच माहितीपुस्तिका उभ्या असतात. बाईंनी फोन ठेवला. बहिणीला त्यांनीच ही भाषा शिकवली होती, आणि पुस्तिकेवर विश्वास ठेवायलाही त्यांनीच शिकवले होते.

त्यांनी दुरुस्तीचा अर्ज भरला. अर्जावर सात सह्या लागत आणि सहाव्या रकान्यात चूक असल्याचा पुरावा द्यावा लागे. पुरावा मान्यताप्राप्त ग्रंथातलाच हवा. मान्यताप्राप्त ग्रंथ एकच, तो म्हणजे ही पुस्तिका. घोडे इथे पेंड खात होते. समितीने तरीही चालढकल केली नाही. तिने पान चारशे बारा काढून काळजीपूर्वक वाचले आणि बुधवारी अर्ज परत पाठवला. शेरा होता: “पडताळणी केली. संगणक विचारतो.”

गुरुवारी सकाळी लिफ्ट बंद होती. बाई धापा टाकत जिन्याने चौथ्या मजल्यावर संचालकांच्या दालनात गेल्या. मोठी खिडकी, तिच्यातून अर्धे शहर दिसत होते. संचालक भला माणूस. त्यांनी आधी पाणी दिले.

“या पानाबद्दल तक्रारी किती आल्या?”

“एकही नाही, साहेब.”

“मग चूक कशी?”

“लोकांना चूक माहीत आहे, साहेब.”

“माहीत असून तक्रार नाही, म्हणजे समाधानी आहेत.”

“साहेब, माझ्या बहिणीचं सात वर्षांचं काम उद्या पुसलं जाईल हो!”

“पाहू,” संचालक म्हणाले. बाई काय समजायचे ते समजून निघाल्या.

पण संचालकांना खरोखरच राहवले नाही. त्यांनी नियम काढून पाहिले. पान बदलायला सात सह्या. भाषा बदलायला एक, मिस्त्रींची. त्यांनी मिस्त्रींना फोन करून सांगितले की भाषा पुस्तिकेबरहुकूम करून टाका. मिस्त्रींनी दुपारी चारच्या आत ‘नक्की पुसू का?’ परत बसवले आणि तसे तळटीपबाईंना कळवायचे म्हणून लिफ्टपर्यंत गेले. लिफ्ट बंद होती.

त्याच सुमारास बाईंनी दाराला आतून कडी घातली आणि कोणाचीही सही न घेता पान चारशे बारावर लिहिले: “ही आज्ञा न विचारता पुसते.” नऊ वर्षांत प्रथमच त्या पानाखालची तारीख खरी होती.

शुक्रवारी अकराला बहिणीचा फोन आला.

“ताई, काय गं हे! पानावर आज म्हणतेस न विचारता पुसतं. मी घाबरून आधी सगळ्याची प्रत काढली, तासभर गेला. आणि आज्ञा दिली तर विचारतंय की ते!”

“तुझे आकडे आहेत ना पण?”

“आहेत सगळे. पण तू असं चुकीचं कसं लिहिलंस?”

बाईंना हसूही आले आणि रडूही. पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. “तसं संस्थेला लेखी कळव ना,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “एक तक्रार आली तरी मला पान बदलता येईल.”

“मी कशाला? सकाळपासून किती जणांनी वाचलं असेल. कोणीतरी कळवलंच असेल.”

पान चारशे बारा अजून तसेच आहे, आणि त्याच्याखाली आजची तारीख आहे. चूक दिसूनही गप्प बसणाऱ्या या लोकांचा वाचकांना राग आला असेल, आणि तो रास्तच आहे. फक्त एक नोंद. या इमारतीत दुसऱ्या मजल्याच्या वर पाण्याच्या टाकीखेरीज काही नाही, हे सुरुवातीलाच लिहिले होते. तरी गुरुवारी आपण बाईंबरोबर चौथ्या मजल्यावर गेलात आणि खिडकीतून अर्धे शहरही पाहिलेत. ज्यांच्या लक्षात आले नाही त्यांचे ठीक आहे. ज्यांच्या लक्षात आले तेही काही न बोलता पुढे वाचत राहिले. कोणीतरी कळवलेच असेल.